आडात नाही ते पोहऱ्यात : इंधनमिश्रणाचा शतकभराचा इतिहास

मोटारीच्या टाकीत काहीतरी मिसळले की गाडी तेवढ्याच इंधनात अधिक अंतर कापते, ही समजूत जवळजवळ मोटारीइतकीच जुनी आहे. आपल्या बऱ्हाणपुरातही ती चांगली रुजलेली दिसते. कोणी पेट्रोलमध्ये डांबराच्या गोळ्या टाकण्याचा सल्ला देतो, कोणी कापराची वडी सुचवितो, कोणी रंगाच्या दुकानातील थिनर किंवा ॲसिटोन, तर कोणी थोडे रॉकेल. प्रत्येकाजवळ अनुभवाचा दाखला असतो आणि तो बहुधा प्रामाणिकही असतो. प्रस्तुत लेखात या समजुतीची टिंगल करण्याचा हेतू नाही. ती कोठून आली, तिच्यात तथ्य किती, आणि तिच्या शेजारीच वाढलेल्या भेसळीपायी दोन कर्तव्यदक्ष अधिकाऱ्यांना प्राण का गमवावे लागले, हे पाहावयाचे आहे.

आरंभी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. आपल्या पिढीला टाकीत काही मिसळण्याची सवय स्कूटरने लावली. दोन स्ट्रोकच्या इंजिनाला निराळे वंगण नसे. पेट्रोलमध्येच ठराविक प्रमाणात तेल घालावे लागे. पंपावर स्कूटर उभी केली की पेट्रोल आणि मापाने ऑइल अशी दोन्ही मागावयाची, ही रीत घरोघरी ठाऊक होती. ते मिश्रण इंजिनाच्या रचनेची गरज होती. त्याने मायलेज वाढत नसे. पण नुसते पेट्रोल अपुरे असते, त्यात आणखी काही लागते, हा संस्कार मात्र मनावर राहिला. शेजाऱ्याने आणखी एखादी वस्तू सुचविली तर ती विचित्र वाटू नये, इतकी ही सवय अंगवळणी पडली होती.

आता इतिहासाकडे वळू. १९१६ च्या एप्रिलमध्ये, महायुद्धाच्या काळात पेट्रोल महागले असताना, न्यूयॉर्कनजीकच्या लाँग आयलंडवर लुई एन्रिक्ट नावाच्या गृहस्थाने वार्ताहरांना बोलावून पाण्यावर मोटार चालवून दाखविली. पाण्यात त्याने एक हिरवट द्रव मिसळला होता आणि गॅलनमागे एक सेंट एवढाच खर्च येतो असे तो सांगे. मोटार खरोखर चालली. वर्तमानपत्रांनी मथळे दिले, भांडवलदार धावले. कृती मात्र त्याने अखेरपर्यंत उघड केली नाही. त्या द्रवात ॲसिटोन आणि ॲसिटिलीन यांसारखे स्वतः जळणारे पदार्थ असावेत, असा तर्क जाणकारांनी मांडला. तसे असेल तर गाडी पाण्यावर चाललीच नव्हती. ती पाण्यात लपविलेल्या दुसऱ्या आणि महागड्या इंधनावर चालली होती. या विषयातील पुढचे बहुतेक चमत्कार याच साच्यातले आहेत.

परंतु याच सुमारास एक खरे मिश्रणद्रव्यही जन्मास आले, आणि घरगुती समजुतीला विज्ञानाचा आधार असल्याचा भास त्यामुळेच झाला. त्या काळच्या पेट्रोलवर इंजिनावर ताण पडला की आतून खटखट आवाज येई. यालाच नॉकिंग म्हणतात. सिलिंडरमधील वायू अधिक दाबला तर इंजिनाची कार्यक्षमता वाढते. पण दाब वाढविला की नॉकिंग सुरू होई आणि इंजिनाची हानी होई. जनरल मोटर्सच्या संशोधनशाळेत थॉमस मिजली याने ९ डिसेंबर १९२१ रोजी शिशाचे एक संयुग, टेट्राएथिल लेड, अगदी अल्प प्रमाणात मिसळून ही खटखट थांबविली. १९२३ च्या फेब्रुवारीत ओहायोतील डेटन गावी ते पेट्रोल विक्रीस आले. चिमूटभर द्रव्याने इंजिनाचे वर्तन पालटते, हे जगाने डोळ्यांनी पाहिले.

येथे बारकावा असा की शिशाने पेट्रोलमधील उष्णता वाढविली नव्हती. त्याने केवळ अधिक दाबाचे इंजिन बांधण्याची मुभा दिली. लाभ झाला तो नव्या रचनेच्या इंजिनाला. जुन्या, कमी दाबाच्या गाडीत तेच पेट्रोल घातले तरी अंतर वाढण्याचे कारण नव्हते. आणि त्या चिमटीची किंमतही दारुण होती. १९२४ च्या ऑक्टोबरमध्ये न्यू जर्सीतील कारखान्यात हे द्रव्य बनविणारे पाच कामगार भ्रमिष्ट होऊन दगावले. मद्यार्कानेही नॉकिंग कमी होते हे त्याच काळी ठाऊक होते; तरीही शिसेच चालले आणि पुढील सात-आठ दशके जगातील मुलांच्या रक्तात उतरत राहिले. भारतात १९९५ च्या एप्रिलपासून चार महानगरांत शिसेविरहित पेट्रोल मिळू लागले आणि फेब्रुवारी २००० पासून देशभर शिसेयुक्त पेट्रोल बंद झाले. जगातील शेवटचा देश अल्जीरिया, तेथे ते २०२१ साली थांबले. म्हणजे मिश्रणाचा जो एक प्रयोग खऱ्या अर्थाने यशस्वी झाला, तोच माणसाला सर्वांत महाग पडला.

आपल्याकडे दुसऱ्या महायुद्धाने निराळा धडा दिला. १९४१ साली पेट्रोलचे रेशनिंग आले. १९४२ मध्ये ब्रह्मदेश पडला आणि तेथील तेलक्षेत्रे गेली. बसगाड्यांच्या पाठीमागे कोळशाच्या भट्ट्या बसल्या. लोणारी कोळसा अर्धवट जाळून निघणारा वायू इंजिनात सोडीत. चढ आला की उतारूंनी खाली उतरावे, अशी त्या गाड्यांची शक्ती. कारण त्या वायूत निम्म्याच्या आसपास न जळणारा नायट्रोजन असे. साखर कारखान्यांच्या मळीपासून केलेला मद्यार्क पेट्रोलमध्ये मिसळण्यासाठी संयुक्त प्रांताने १९४० मध्ये कायदा केला आणि स्वातंत्र्यानंतर १९४८ मध्ये केंद्राचा इंडियन पॉवर अल्कोहोल ॲक्ट आला. या सर्वांतून लोकांनी एवढे शिकले की पेट्रोलवाचूनही गाडी चालते. ते खरेच होते. पण ‘चालते’ आणि ‘अधिक चालते’ यांत महदंतर आहे, आणि लोकस्मृतीत हे अंतर पुसट झाले.

१९७३ च्या ऑक्टोबरातील अरब-इस्रायल युद्धानंतर काही महिन्यांतच खनिज तेलाचा भाव पिंपामागे सुमारे ३ डॉलरवरून १२ डॉलरच्या घरात गेला. आपल्या ग्वाल्हेरचे अटलबिहारी वाजपेयी त्या नोव्हेंबरात निषेधार्थ बैलगाडीतून संसदेत गेले, हे अनेक वाचकांना स्मरत असेल. १९७८ साली पेट्रोलियम संवर्धन संशोधन संघटना स्थापन झाली. तिने सांगितलेले उपाय साधे होते : टायरमधील हवा योग्य ठेवा, ताशी ४५ ते ५५ किलोमीटरच्या वेगाने गाडी हाका, गाडी थांबली की इंजिन बंद करा, वेळच्या वेळी दुरुस्ती करा. डांबराच्या गोळीचा त्या यादीत कोठेही उल्लेख नव्हता. परंतु गोळी टाकणे सोपे असते आणि वेग आवरणे कठीण, म्हणून गोळीचीच चर्चा अधिक झाली.

आता त्या घरगुती वस्तूंचा हिशोब मांडू. कुंडी भंडाऱ्याच्या या गावात तो समजण्यास कठीण नाही. रहीम खानखानाच्या काळापासून सातपुड्याच्या पोटातले पाणी एका कुंडीतून दुसरीत वाहत शहरापर्यंत येते. मधली एकही कुंडी पाणी निर्माण करीत नाही. ती फक्त वाहून आणते आणि गळती झालीच तर कमी करते. इंजिनाचेही तसेच आहे. अंतर कापण्याची शक्ती इंधनाच्या उष्णतेत असते. त्या उष्णतेचा साधारण पाव ते तिसरा हिस्सा चाकापर्यंत पोहोचण्याजोगा होतो, बाकीची धूर आणि रेडिएटर यांतून निघून जाते. आडात नाही ते पोहऱ्यात येत नाही. म्हणून प्रत्येक वस्तूला दोन प्रश्न विचारावेत : तिच्यात स्वतःची उष्णता किती, आणि ती इंजिनाची गळती कमी करते काय?

डांबराची गोळी घ्या. ती नॅफ्थॅलिनची असेल तर वजन सुमारे ४ ग्रॅम. १० लिटर पेट्रोलमध्ये १० गोळ्या टाकल्या तर ४० ग्रॅम झाल्या. १० लिटर पेट्रोलचे वजन मात्र साडेसात किलोच्या आसपास भरते. म्हणजे भर पडली जेमतेम अर्ध्या टक्क्याची, आणि वजनाला वजन धरता नॅफ्थॅलिनची उष्णता पेट्रोलहून काहीशी कमीच. लिटरला १५ किलोमीटर जाणारी गाडी १० लिटरमध्ये १५० किलोमीटर जाते. सर्व गोळ्या पूर्णपणे जळल्या तरी फार तर आणखी ७०० मीटर. एवढा फरक समोरून वारा आला तरी पडतो. जुन्या काळी पेट्रोल हलक्या प्रतीचे असताना या गोळ्यांनी खटखट किंचित कमी झाली असेल, आणि प्रवादाचे मूळ तेथे असावे. पण २०२० पासून लागू झालेल्या बीएस-सहा मानकानुसार पेट्रोल किमान ९१ ऑक्टेनचे असते; साध्या गाडीला त्याहून अधिकाची गरजच नाही. उलट पेट्रोल उडून गेले की नॅफ्थॅलिनचे स्फटिक मागे राहतात आणि कार्बोरेटरची बारीक छिद्रे बुजतात. शिवाय बाजारातील पुष्कळशा गोळ्या आता नॅफ्थॅलिनच्या नसून क्लोरिनयुक्त रसायनाच्या असतात. त्या जळल्या की आम्ल तयार होते आणि इंजिनाचे धातू खाते.

ॲसिटोनची उष्णता लिटरमागे पेट्रोलच्या पाऊणपटीहूनही थोडी कमीच. शिवाय ते रबरी वायसर आणि नळ्या खराब करते. पाण्याचे विघटन करून हायड्रोजन देणारी यंत्रे ज्या विजेवर चालतात, ती वीज त्याच इंजिनातून येते. वाटेतील गळती धरता तो तोट्याचाच व्यवहार. रॉकेलची गोष्ट मात्र निराळी आहे. लिटरला लिटर धरले तर रॉकेलात पेट्रोलहून किंचित अधिक उष्णता असते. पण पेट्रोलच्या इंजिनात ते नीट वाफ होत नाही, त्याचे ऑक्टेन फारच कमी असल्याने खटखट वाढते, आणि न जळलेला अंश खाली उतरून वंगण पातळ करतो. तरीही लोकांना त्यात लाभ दिसे, कारण रॉकेल स्वस्त होते. वाढत होती ती खिशातील शिल्लक, आणि तीही इंजिन बिघडेपर्यंत. अंतर वाढत नव्हते.

इंजिनाची गळती कमी करणारी काही द्रव्ये खरोखरच आहेत, हेही सांगितले पाहिजे. इंधन फवारणाऱ्या नोझलवर साचणारा मळ काढणारी शोधकद्रव्ये तेल कंपन्या प्रमाणात मिसळतात. मळलेल्या इंजिनाचे गेलेले मायलेज त्यांनी परत येऊ शकते. स्वच्छ इंजिनाला मात्र त्यांचा विशेष उपयोग नाही.

या साऱ्याची परीक्षा वारंवार झाली आहे. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने इंधन वाचविण्याचा दावा करणारी शंभरांहून अधिक साधने आणि द्रव्ये पाहिली. मायलेज लक्षणीय वाढविणारे एकही तिला आढळले नाही. आपल्या देशात १९९६ साली तमिळनाडूतील रामर पिल्लै यांनी वनस्पती उकळून पेट्रोल बनविल्याचा दावा केला आणि दिल्लीपासून खेड्यापर्यंत खळबळ उडाली. शास्त्रज्ञांनी अधिक कडक देखरेखीखाली प्रयोग पुन्हा करावयास लावला, तेव्हा दावा टिकला नाही. पाण्यापेक्षा जड नसलेले, हलके हायड्रोकार्बन पाण्यातून आणि पाल्यातून उपजावे तर त्यातील कार्बन आणि उष्णता कोठून आली, हा साधा प्रश्न विचारला असता तर एवढा गाजावाजा झाला नसता.

मग इतक्या प्रामाणिक माणसांना अनुभव कसा येतो? याचे उत्तर रसायनात नसून मोजणीत आहे. असीरगडचा घाट चढणारी फेरी आणि तापीकाठच्या सपाटीवरील फेरी यांत मायलेजचा फरक सहज पडतो. टायरची हवा, ओझे, पावसाळी रस्ता, टाकी कितपत भरली, यांनीही आकडा हलतो. आणि ज्याने पैसे देऊन गोळी टाकली, तो त्या आठवड्यात नकळत जपून गाडी हाकतो. पुण्याच्या ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडियासारख्या, १९६६ साली स्थापन झालेल्या संस्थेत गाडी रुळांवर उभी करून, ठराविक वेगक्रमाने, ठराविक तापमानात चालवितात, ती याच कारणासाठी. घरच्या घरी परीक्षा करावयाचीच तर टाकी काठोकाठ भरून पुन्हा काठोकाठ भरेपर्यंतची नोंद ठेवावी, अशा निदान आठ-दहा खेपा त्याच मार्गावर कराव्यात, आणि द्रव्य कोणत्या खेपेस टाकले हे चालविणाऱ्यास कळू देऊ नये. इतके केल्यावर बहुतेक गोळ्यांचा गुण नाहीसा होतो.

यावर कोणी विचारील की सरकार स्वतःच पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळते, ते कसे? या प्रकरणाचा आरंभ आपल्या शेजारीच झाला. २००१ साली मिरज, मनमाड आणि उत्तर प्रदेशातील बरेलीनजीक अशा तीन ठिकाणी चाचणी प्रकल्प निघाले. जानेवारी २००३ पासून नऊ राज्यांत आणि चार केंद्रशासित प्रदेशांत ५ टक्के मिश्रण सुरू झाले. आणि २०२५ साली देशाने २० टक्क्यांचे उद्दिष्ट गाठले. त्याची कारणे उघड आहेत : आयात तेलावरील परकीय चलन वाचावे, उसाला आणि धान्याला बाजार मिळावा, धूर कमी व्हावा. मायलेज वाढेल असे कोणी म्हटले नाही. इथेनॉलची उष्णता लिटरमागे पेट्रोलच्या सुमारे दोन-तृतीयांश. म्हणजे २० टक्के मिश्रणात उष्णतेची घट ६ ते ७ टक्के. नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालातही मुळात शुद्ध पेट्रोलसाठी रचलेल्या चारचाकी गाड्यांची घट ६ ते ७ टक्के, तशाच दुचाकींची ३ ते ४ टक्के, आणि नव्या मिश्रणासाठी जुळविलेल्या चारचाकींची १ ते २ टक्के दिली आहे. आडाचा आणि पोहऱ्याचा हिशोब शासकीय कागदावरही चुकत नाही. धोरण पटो वा न पटो, घट किती हे त्यात लिहिलेले आहे. मिश्रण आणि भेसळ यांतील भेद तोच आहे. मिश्रणाचे प्रमाण आणि परिणाम नोंदलेले असतात, भेसळीचे दडविलेले असतात.

आणि भेसळीचे नाव निघाले की मनमाडचे दुसरे स्मरण होते. बऱ्हाणपूरहून मुंबईकडे जाणारी गाडी भुसावळ ओलांडून ज्या मनमाडला थांबते, त्याच्या जवळच पानेवाडी येथे तेल कंपन्यांचे मोठे साठे आहेत. गरिबाच्या चुलीसाठी आणि दिव्यासाठी शासन अनुदान देऊन निळ्या रंगाचे रॉकेल देई. १९९३ च्या नियंत्रण आदेशान्वये त्याचा अन्य वापर निषिद्ध होता. २०११ च्या सुमारास ते रॉकेल लिटरला बारा-पंधरा रुपयांना आणि डिझेल चाळीस रुपयांच्या आसपास होते. या तफावतीत किती मोठा धंदा दडला होता, हे राष्ट्रीय उपयोजित आर्थिक संशोधन परिषदेच्या २००५ च्या अभ्यासावरून दिसते : रेशनच्या रॉकेलपैकी सुमारे ३८ टक्के रॉकेल भलतीकडे वळत होते. त्याच वर्षी, १९ नोव्हेंबर २००५ रोजी, उत्तर प्रदेशातील लखीमपूर खीरी जिल्ह्यात इंडियन ऑइलचे तरुण अधिकारी शण्मुगम मंजुनाथ यांची, भेसळ करणाऱ्या पंपावर कारवाई केली म्हणून, गोळ्या घालून हत्या झाली. आणि २५ जानेवारी २०११ रोजी, प्रजासत्ताक दिनाच्या आदल्या दिवशी, मालेगावचे अपर जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे पानेवाडी परिसरात टँकरमधील भेसळीचा प्रकार दिसल्यावर तपासासाठी थांबले असता, त्यांच्यावर हल्ला करून त्यांना जिवंत जाळण्यात आले. २७ तारखेस महाराष्ट्रभरातील शासकीय कर्मचाऱ्यांनी काम बंद ठेवले. राज्याची सीमा ओलांडून आमच्यासारख्या मध्य प्रदेशातील सेवकांनाही ती वार्ता आपल्या घरातील वाटली; कारण एका फायलीमागे आणि एका तपासणीमागे काय उभे असू शकते, हे त्या दिवशी उघड्या माळावर दिसले.

घरी पेट्रोलमध्ये पावशेर रॉकेल ओतणारा गृहस्थ आणि तो टँकरवाला यांना एका तराजूत घालणे न्यायाचे नाही. परंतु भेसळ इतकी वर्षे निर्वेध चालली ती केवळ लाचेच्या बळावर नव्हे. थोडे मिसळल्याने काही बिघडत नाही, उलट लाभच होतो, अशी समाजाची धारणा होती. आणि आपली गाडी किती जाते याची नोंद फारच थोडे लोक ठेवीत होते. ज्याला आपल्या गाडीचा आकडाच ठाऊक नाही, त्याला गोळीने आकडा वाढला असेही पटविता येते आणि रॉकेलाने तो घटला हे त्याच्यापासून लपविताही येते. २०१६ पासून रॉकेलचे दर थोडे थोडे वाढवीत पुढे अनुदान संपुष्टात आणले गेले आणि त्या भेसळीचे मुख्य प्रलोभन ओसरले. परंतु स्वस्त द्रावणे बाजारात आहेतच, आणि लोभही.

तेव्हा वाचकांना विनंती एवढीच की मोटारीच्या कप्प्यात गोळ्यांऐवजी एक लहान वही ठेवावी. टाकी भरल्याची तारीख, लिटर आणि किलोमीटर, इतके तीन रकाने पुरेत. आकडा एकाएकी घसरला तर आधी टायर आणि फिल्टर पाहावा. ते ठीक असतील तर पंपावर जाऊन फिल्टर पेपरवर थेंब टाकून पाहण्याचा, घनता तपासण्याचा आणि पाच लिटरच्या मापाने मोजून घेण्याचा आपला हक्क बजावावा. थेंब उडून गेल्यावर कागदावर डाग राहू नये, आणि घनता त्या दिवशीच्या नोंदीशी जुळावी. पंपावरील माणूस प्रथम कुरकुरतो, पण नकार देऊ शकत नाही. सोनवणे आणि मंजुनाथ यांनी जे काम प्राण पणाला लावून केले, त्याचा हा अगदी लहानसा, बिनधोक वाटा आहे. आणि तो प्रत्येक वाहनधारकाला उचलता येण्याजोगा आहे.